घरचा माणूस

"आमच्याकडे नोकर असा कोणी नाहीं, सारीं घरचींच माणसें आहेत," असें एखाद्या जुन्या प्रकाशनसंस्थेचे मालक पाहुण्यास मोठ्या समाधानानें सांगत असतांना पुष्कळांनीं ऐकलें असेल. संस्था आजोबांनीं काढलेली, वडिलांनीं वाढविलेली आणि आतां नातवाच्या हातीं आलेली असते. भिंतीवर मूळ पुरुषाची तसबीर असते, तिला रोज हार पडतो. मालकाच्या त्या वाक्यांत लबाडी असतेच असें नाहीं. बहुधा तें मनापासून उच्चारलेलें असतें. परंतु तेंच वाक्य शेजारच्या खोलींत मुद्रितें तपासणाऱ्या, पार्सलें बांधणाऱ्या किंवा जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाच्या कानीं कसें पडतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आपणांस घरचें म्हणणाऱ्या धन्याविषयीं नोकराचें खरें मत काय असतें, आणि तें मत न्याय्य असतें काय, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकानें तरुणपणीं कांहीं वर्षें अशाच एका संस्थेंत काढलीं. तेथें एक वृद्ध मुद्रितशोधक होते. त्यांना सर्वजण नाना म्हणत. त्यांच्या पत्नीच्या आजारांत मालकांनीं शस्त्रक्रियेचा सारा खर्च न मागतां केला, रोज घरून डबा पाठविला, आणि पुढें त्या रकमेचा कधीं उच्चारहि केला नाहीं. हेच नाना अकरा वर्षें एकाच पगारावर राहिले. एके दिवशीं धीर करून त्यांनीं वेतनवाढीची गोष्ट काढली, तेव्हां मालक रागावले नाहींत; ते दुखावले. "नाना, घरच्या माणसानें हिशेब मागायचा?" एवढेंच ते म्हणाले. नाना मुकाट्यानें जागेवर येऊन बसले. संध्याकाळीं जिना उतरतांना ते मला म्हणाले, "त्यांनीं दिलें तें मीं मागितलें नव्हतें, पण मीं मागितलें तें कांहीं उपकार नव्हते." त्या दिवसापर्यंत जी मदत त्यांच्या मनांत माया म्हणून राहिली होती, ती पुढें कर्ज होऊन बसली. मालकांनीं एक शब्दहि वावगा उच्चारला नव्हता, आणि तरी असें झालें.

तथापि एका बाजूनेंच निवाडा करणें बरें नव्हे. घराण्याच्या संस्थेंत काम केलेल्यांस विचारावें, तर त्यांच्या तोंडून दोन परस्परविरोधी मतें निघतात, आणि तीं पुष्कळदां एकाच माणसाचीं असतात. येथें आपणांस नांवानें ओळखतात, अडचणींत सोडीत नाहींत, दृष्टि मंदावली म्हणून म्हाताऱ्यास घालवीत नाहींत, हें एक मत. येथें बढतीची वाट धन्याच्या देवघरावरून जाते, कालच्या मुलास आज साहेब म्हणावें लागतें, आणि पगार विचारणें असभ्यपणाचें ठरतें, हें दुसरें. दोन्ही खरीं आहेत. शिवाय ग्रंथप्रकाशन हा धंदाच असा आहे कीं, त्यांत उत्तम काम डोळ्यांस दिसत नाहीं. मुद्रितशोधकानें काढून टाकलेल्या शंभर चुका कोणास ठाऊक होत नाहींत. राहून गेलेली एक मात्र सर्वांस दिसते. अशा कामाचें मोल तागडींत घालतां येत नाहीं. तें ओळखण्यास जवळचें, जिव्हाळ्याचें माणूस लागतें. म्हणून या धंद्यांत घरोब्याची महती अधिक, आणि तोच घरोबा पोकळ ठरला तर होणारी निराशाहि अधिक.

नातें खरें असलें तरी हा पेंच सुटत नाहीं. बेंजामिन फ्रँकलिन १७१८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, बॉस्टन शहरीं आपल्या सख्ख्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यांत करार करून उमेदवार म्हणून राहिला. एकविसाव्या वर्षापर्यंत काम करावयाचें आणि कारागिराची मजुरी केवळ शेवटच्या वर्षीं घ्यावयाची, असा तो करार होता. आत्मचरित्रांत तो सांगतो कीं, जेम्स स्वतःस धनी समजे, आणि आपण मात्र भावाकडून अधिक ममतेची अपेक्षा करीत होतों. भाऊ मारीतहि असे. अखेरीस १७२३ सालीं तो तेथून निघाला. तेव्हां गांवांतील इतर छापखान्यांत त्यास काम मिळूं नये अशी तजवीज जेम्सनें केली. परंतु फ्रँकलिनचा प्रामाणिकपणा असा कीं, भाऊ अडचणींत असतांना करारांतील एका फटीचा आपण फायदा घेतला, ही आपल्या आयुष्यांतील पहिल्या चुकांपैकीं एक होय, असेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. एकास आज्ञा करतांना धनीपण आठवलें, दुसऱ्यास आज्ञा पाळतांना भाऊपण आठवलें. दोन मापें दोघांपाशींहि होतीं.

नातें नसतां केवळ घरांत राहण्याचा रिवाज असला म्हणजे काय होतें, याची एक विलक्षण गोष्ट पॅरिसच्या एका छापखान्याची आहे. तेथें उमेदवारानें धन्याच्या घरीं राहावें व जेवावें अशी रीत होती. निकोला कोंता नांवाच्या कारागिरानें १७३० नंतरच्या दशकांतील आपल्या उमेदवारीचें वर्णन १७६२ सालीं लिहिलें. रॉबर्ट डार्नटन या इतिहासकाराच्या १९८४ सालच्या ग्रंथामुळें तें सर्वत्र ठाऊक झालें. कोंताच्या सांगण्याप्रमाणें पोरें गारठलेल्या घाणेरड्या खोलींत निजत आणि त्यांस पंक्तीस न घेतां स्वयंपाकघरांत उरलेंसुरलें दिलें जाई; मांजरांनींहि तोंड लावूं नये असें मांस त्यांच्या पानांत येई. धनिणीच्या लाडक्या मांजरीचा थाट मात्र निराळा होता. शेवटीं कारागिरांनीं आसपासचीं मांजरें, आणि त्यांत प्रथम ती लाडकी मांजरी, मारलीं, आणि खटल्याचें सोंग करून पोट धरधरून हंसले. हें कृत्य क्रूर होतें यांत शंका नाहीं. त्या मुक्या जिवांचा अपराध कांहीं नव्हता. पण तें त्या नोकरांचें मतच होतें. सरळ बोलण्यास जागा नसली म्हणजे मत अशा वांकड्या वाटेनें बाहेर पडतें. आपल्याकडे कोणी मांजरें मारीत नाहीं. चहाच्या दुकानांत बसून धन्याची नक्कल करतात, एवढेंच.

तेव्हां 'घरचा' म्हणजे कोण, हें आधीं ठरविलें पाहिजे. आपल्या समाजांत हा शब्द नुसता प्रेमाचा नाहीं. त्यास शास्त्राचा आधार आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच मानला. २००५ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीनें तोच हक्क मुलीसहि मिळाला. घरच्या माणसास वाटा असतो, बोलण्याचा अधिकार असतो, आणि बोलला, किंबहुना भांडला, तरी तो परका होत नाहीं. मुलानें वाटणी मागितली तर बापास वाईट वाटेल. पण मुलाचें मुलगेपण नाहींसें होत नाहीं. आतां नानांकडे पाहावें. त्यांस वाटा नव्हता, आणि बोलतांच ते क्षणभर परके झाले. घरच्या माणसाचीं कर्तव्यें तेवढीं त्यांच्याकडे होतीं: उशिरापर्यंत थांबणें, घरचें गुपित बाहेर न नेणें, आणि हिशेब न मागणें. ज्या नात्यांत एका पक्षाकडे केवळ कर्तव्यें येतात, त्यास कुटुंब म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय, मग म्हणणाऱ्याचें मन कितीहि निर्मळ असो.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्वत्र हिशेब आणला तर जिव्हाळा आटेल. मला तसें वाटत नाहीं. नोकरी सोडतांना मिळणाऱ्या रकमेस ग्रॅच्युइटी म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ खुशीनें दिलेली देणगी असा आहे. १९७२ सालीं आपल्या संसदेनें कायदा करून, दहा किंवा अधिक माणसें असलेल्या संस्थेंत सतत पांच वर्षें काम केलेल्यास दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणें ही रक्कम मिळण्याचा हक्क ठरवून दिला. नांव देणगीचें राहिलें, वस्तु हक्काची झाली. आणि त्यामुळें कोणा सज्जन मालकाचा हात आंखडला असें म्हणतां येणार नाहीं. उलट देणें चुकतें झालें म्हणजे त्यावर जें प्रेमानें दिलें जातें, तें प्रेम म्हणूनच घेतां येतें. पगार वेळच्या वेळीं वाढला असता, तर नानांच्या पत्नीस मिळालेली मदत जन्मभर मदतच राहिली असती.

ज्यानें स्वतः हात काळे केले, त्यास हें समजणें सोपें जातें. १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी चौधरी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर होते. त्यांनीं काढलेल्या छापखान्याच्या संस्कृत ग्रंथांवर काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मण शास्त्री पणशीकर या संशोधक पंडितांचीं नांवें आढळतात. ग्रंथावर नांव येणें हाहि एक वाटाच आहे, आणि तो मालकाच्या वंशजांसहि परत घेतां येत नाहीं. परंतु संस्थापकाच्या नातवास गादी मिळते. खिळे घासल्याची आठवण वारशानें मिळत नाहीं. ती त्यास नोकरांपाशीं बसून, त्यांचें मत ऐकूनच मिळवावी लागते, आणि तें मत कडू असलें तरी दुसऱ्या दिवशीं त्या माणसाकडे पूर्वींच्याच नजरेनें पाहावें लागतें.

नोकराकडेहि कांहीं उरतेंच. नाना दुखावून परत आले त्या संध्याकाळीं मी त्यांच्याबरोबर जिना उतरलों, त्यांचें ऐकलें, हळहळलों. दुसऱ्या दिवशीं मालकांनीं मला हंसून विचारलें, "कसें काय, ठीक चाललें आहे ना?" तेव्हां मीं "ठीक आहे," असेंच उत्तर दिलें. मला ते मुलासारखे मानीत असत. मुलगा असतों तर बोललों असतों. नोकर होतों, म्हणून गप्प बसलों. पण त्यांनीं विचारलें होतें, हें मला आजहि विसरतां येत नाहीं.