ऐकणाऱ्याचे ऋण

ऋणांची आपल्याकडे वाण नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तर शास्त्रानेच सांगितली. गुरूचे ऋण आपण दर गुरुपौर्णिमेला आठवतो. पण शिष्याचेही गुरूवर ऋण असते, हे सहसा कोणी बोलत नाही. मला ते खऱ्या अर्थाने जाणवले २०२० साली, वर्ग ओस पडल्यावर.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. मुलांच्या नुकसानीबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते रास्तच होते. पण बी.एड.चे विद्यार्थीही घरी अडकले होते. या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सुमारे वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. त्याला छात्रसेवाकाल म्हणतात. पोहायला शिकायचे आणि विहीरच आटलेली, अशी त्यांची गत झाली.

मी त्यांचे सरावपाठ पडद्यावर पाहत असे. टाचण नेटके, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन सारे जिथल्या तिथे. समोर मात्र नावे लिहिलेले काळे चौकोन. एकदा पाठ संपल्यावर एका मुलीने विचारले, "सर, माझे शिकवणे वाईट होते, की कोणी ऐकतच नव्हते, हे मला कळायचे कसे?" मी म्हटले, "ते कळण्याचे साधनच तुझ्या हाती नाही. मग स्वतःविरुद्ध निकाल कशाला देतेस?"

वर्गात मुलाच्या कपाळावर आठी दिसली, की शिक्षक उदाहरण बदलतो. मागच्या बाकावर खसखस पिकली, की थांबतो. ही देवघेव बंद पडली, की प्रामाणिक माणूस पहिला दोष स्वतःलाच देतो. त्याची झोप उडते, उमेद खचते. अशा वेळी "मन घट्ट करा" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे औषध देणे होय.

यावर कोणी म्हणेल, फळाची आशा न धरता कर्म करावे. खरे आहे. पण ऐकणाऱ्याचा चेहरा हे शिकवण्याचे फळ नव्हे, तो शिकवण्याचाच अर्धा भाग आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे पुरते ठाऊक होते. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली. शाळाच मुलांकडे गेली. साथीने ती वाटही अडवली होती.

म्हणून मला वाटते, शिकाऊ शिक्षकाचे मन सांभाळणे ही त्याची एकट्याची जबाबदारी नाही. ज्याचे ऐकणारे हिरावले गेले, त्याला निदान वडीलधाऱ्यांनी तरी कान द्यावा. पुढे मी प्रत्येक पाठानंतर दोन ओळी लिहून पाठवू लागलो: कुठे समजले, कुठे हसू आले. गुण देण्यापेक्षा त्या ओळी लिहायला अधिक वेळ लागे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातल्या बऱ्याचशा शाळा उघडल्या. त्या वेळचे कितीतरी छात्राध्यापक आज खऱ्या वर्गांपुढे उभे आहेत. यंदा फराळाला असा कोणी तरुण मास्तर किंवा बाई तुमच्या घरी आली, तर पगार मागाहून विचारा. आधी विचारा, "वर्ग कसा आहे?" आणि चकली हातात तशीच राहिली तरी चालेल, पण उत्तर शेवटपर्यंत ऐका.