काशीची सहल आणि परक्याची चिता

उन्हाळ्याच्या सुटीत दोन दिवस काशी पाहून येण्याचा परिपाठ अलीकडे पुष्कळ घरांतून पडला आहे. मुंबईहून थेट आगगाडी आहे, विमान आहे. वैशाख-ज्येष्ठात तिथला पारा चाळिसाच्या वर जातो, तरी माणसे जातातच. पहाटे नाव करायची, घाट पाहायचे, विश्वनाथाचे दर्शन घ्यायचे, गल्लीतली कचोरी खायची, संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती, की झाले! यावर आमची जुनी मंडळी नाक मुरडतात. म्हणतात, ही यात्रा नव्हे, ही मौज.

मला हा राग फारसा पटत नाही. ‘प्रेक्षण’ काय आणि ‘दर्शन’ काय, ‘ईक्ष्’ आणि ‘दृश्’ या दोन्ही धातूंचा अर्थ पाहणे एवढाच. धातूत पुण्य साठवलेले नसते. आणि मराठी माणसाने काशीत पाहण्यासारखे थोडे का आहे? विश्वनाथाचे मंदिर अहल्याबाईंनी 1780 साली बांधविले. नाथमहाराजांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका 1573 साली पुरी केली ती काशीतच. उन्हाळ्यात गंगा खाली उतरते, घाटांच्या तळच्या पायऱ्या उघड्या पडतात, समोरच्या तीरावर वाळू पसरते. रत्नेश्वराचे कललेले देऊळ त्याच दिवसांत नीट दिसते. हे डोळे भरून पाहावे. त्यात पाप कसले?

खरा प्रश्न पुढे आहे. नाव मणिकर्णिकेपाशी येते. तिथे अहोरात्र चिता जळतात. नावाडी वल्हे थांबवतो आणि खिशांतून मोबाईल बाहेर निघतात. कोणाचा तरी बाप जळतो आहे, मुंडन केलेला मुलगा कडेला उभा आहे, आणि सहलीतली मंडळी ते चित्र टिपून घेताहेत. घाटावरचे लोक ‘फोटो घेऊ नका’ म्हणून ओरडतात ते उगीच नव्हे. पाहणे कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

कोणी म्हणेल, लपवायचेच असते तर पूर्वजांनी हे श्मशान दूर रानात नेले असते. भर वस्तीत, नदीच्या तोंडावर ते ठेवले आहे ते लोकांना दिसावे म्हणूनच. बोलणे खोटे नाही. दुसरा म्हणेल, बुवा, तुम्ही तरी काय करता? कीर्तनात चिता रंगवून श्रोत्यांना रडवताच की! टोला चांगला आहे. पण कीर्तनातल्या चितेला नाव-गाव नसते. ऐकणारा तिच्यावर आपलाच देह ठेवून पाहतो. मोबाईलमधल्या चितेवर दुसऱ्याचा बाप असतो आणि पाहणारा सुखरूप बाहेर असतो. शिवाय ज्याचे चित्र घेतले तो होय-नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याने म्हणायचे तो मुलगा बोलण्याच्या स्थितीत नसतो. संमती द्यायलाच जिथे कोणी नाही, तिथे ‘आम्हांला कोणी अडवले नाही’ हे उत्तर चालत नाही.

नाथमहाराजांची कथा सर्वांना ठाऊक आहे. गंगेची कावड रामेश्वरास निघाली होती, वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले, आणि महाराजांनी ती कावड त्याच्या तोंडात ओतली. आता यात एक गोष्ट आपण कीर्तनकारसुद्धा घाईत सोडून जातो. ते गाढव बरोबरच्या सगळ्यांनीच पाहिले होते. डोळे सर्वांना होते!

मणिकर्णिकेवर आपल्याकडून कोणाला पाणी नको असते. दोन मिनिटे गप्प बसावे, हात जोडावेत, एवढेच आपल्या हाती. मुले बरोबर असली तर त्यांचे डोळे झाकू नयेत. ‘हे काय जळते आहे?’ असे त्यांनी विचारले तर खरे सांगावे. पुष्कळ आयांना हे रुचणार नाही, पण घरात आजोबा गेले की त्याच मुलांना शेजारी नेऊन बसवतात, त्याने काय साधते? आणि नावाड्याला आधीच सांगून ठेवावे की बाबा, तिथे नाव थांबवू नकोस, हळू ने. तो ऐकतो, त्याचे रोजचेच आहे. पावसाळ्यात गंगा चढली की खालच्या जागा पाण्यात जातात, आणि चिता वरच्या गच्चीवर रचाव्या लागतात.