आधी बाईंना विचारलंत का?

वजाबाकी माझ्याच वर्गात शिकलात, म्हणून तुमचा कान धरायचा हक्क मला आहे. गुमान ऐकून घ्या.

मुलांना गणित शिकवायला तुम्ही जे सॉफ्टवेअर केलंत, त्याने ५२ वजा २७ विचारलं. दोन मुलांनी ३५ लिहिलं. दोघांनाही एकच शेरा : 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.' कसला प्रयत्न करायचा, कपाळ? एकाने दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातूनच दोन काढले. दुसऱ्याने हातचा नीट घेतला, पण दशकाच्या घरातले पाच तसेच ठेवले. उत्तर एक, चुका दोन. तिसरीच्या बाई लगेच ६१ वजा ३४ घालतात. पहिला ३३ लिहितो, दुसरा ३७, आणि कुणाचं कुठे बिनसलंय ते उघडं पडतं.

बाईंना जे कळतं ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये का नाही? कारण ते घालायचं तर बाईंनी आधी कोडिंग शिकावं, असं तुम्ही परस्पर ठरवलंत. एक स्वल्पविराम राहिला की स्क्रीनभर लाल अक्षरं! आणि वर तोंड करून म्हणता, शिक्षक टेक्नॉलॉजीला घाबरतात. जीभ आवरा.

वजाबाकीतल्या अशा ठरावीक चुकांवर ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलंय. अशा सॉफ्टवेअरच्या एका तासाच्या पाठासाठी २००-३०० तास खपावं लागतं, ही या क्षेत्रातली जुनीच रड. म्हणून तर पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 'सीटॅट' नावाचं असे पाठ बनवायचं साधन तयार झालं. त्यात शिक्षक स्क्रीनवर गणित सोडवून दाखवतो, मुलं करतात त्या चुकाही मुद्दाम करून दाखवतो आणि कुठल्या चुकीला काय सांगायचं ते साध्या भाषेत लिहितो. पायऱ्या टिपायचं काम सॉफ्टवेअरचं. तशीच आणखी गणितं हवीत? तक्त्यात आकडे भरायचे, झालं. हे वाचायची तसदी तुमच्यापैकी एकानेही घेतली नाही!

भूमितीच्या सिद्धतेला दहा वाटा असतात, तिथे नुसतं करून दाखवणं पुरत नाही, हे मलाही कळतं. तिथे लावा तुमची हुशारी. वजाबाकीत कसली आलीय अडचण?

सोमवारी शाळेत या. बाई स्क्रीनसमोर बसतील, तुम्ही मागच्या बाकावर. त्या अडल्या तर तोंड उघडायचं नाही, माऊसला हात लावायचा नाही. जिथे अडल्या ती जागा वहीत लिहायची. आणि 'बाईंना जमलं नाही' असं वाक्य त्या वहीत दिसलं, तर सगळं पुन्हा लिहून घेईन.