नेम कोणाचा?

कांदेनवमी झाली की कारंज्याच्या आमच्या घरात कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद. सासूबाईंनी हा नेम लग्नानंतर धरला, तो आजवर मोडलेला नाही. आता त्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत, सकाळी जेवल्याचंही आठवत नाही. पण ताट समोर आलं की विचारतात, "कांदा तं नाई ना टाकला वं?"

माझा भाचा औषधनिर्माणशास्त्र शिकतो. तो कळकळीने म्हणाला, "मामी, वाटून भाजीत घाला. त्यांना कळणार नाही, मेंदूला फायदाच होईल." त्याचं म्हणणं निराधार नव्हतं. कांद्यात क्वेर्सेटिन आणि वांग्याच्या जांभळ्या सालीत नासुनिन, ही दोन्ही फ्लेव्होनॉइड गटातली वनस्पतिद्रव्यं. नेमकं तेच आम्ही वर्ज्य करतो! मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के वापरतो; त्या ज्वलनाची झळ त्याच्याच पेशींना बसते. ही द्रव्यं ती झळ थेट शोषून घेतात, असं आधी मानत. पण खाल्ल्यावर रक्तात त्यांचा फार थोडा अंश पोहोचतो. तो अंश पेशीतल्या एनआरएफ-2 या प्रथिनाला जागं करतो आणि पेशी स्वतःची संरक्षक विकरं स्वतःच बनवते, असं आता अनेक संशोधक मानतात. हे बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत दिसलेलं. माणसांबाबत 2021 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला: 77 हजारांहून अधिक लोक, वीस वर्षांहून जास्त काळ. फ्लेव्होनॉइड सर्वांत जास्त खाणाऱ्यांत स्मृती-आकलन मंदावल्याच्या तक्रारी सुमारे एक पंचमांशाने कमी होत्या. हा संबंध झाला, कारण सिद्ध झालेलं नाही. आणि गेलेली आठवण परत येईल असं त्यात कुठेच नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की अन्नाचा सर्वांत सूक्ष्म अंश मन होतो. मग तो मुलाला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतो. पाठ असलेले वेद श्वेतकेतूला आठवेनासे होतात. जेवल्यावर पुन्हा आठवतात. मन अन्नाचंच आहे हे मला पूर्ण पटतं. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. ज्या मनाने नेम घेतला ते विरत चाललं असेल, तर नेम कोणाचा उरला?

मला वाटतं, त्यांचाच. नावं गेली तरी तो प्रश्न गेलेला नाही. त्या विचारतात तेव्हा विचारणारी बाई तिथे पूर्ण हजर असते, आणि माझ्या "नाही" वर विसंबून पहिला घास घेते. तो भरवसा मी खोटा करणार नाही. जिवावर बेतलं असतं आणि औषध हाच एक उपाय असता, तर आपद्धर्म म्हणून मी दिलं असतं. धर्मशास्त्रालाही ते मान्य आहे. इथे तशी वेळ नाही. क्वेर्सेटिन शेवग्याच्या पाल्यातही असतं आणि शेवगा आमच्या परसात आहे.

कांद्याने बुद्धी मंदावते म्हणून तो सोडायचा, असं देवळात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांचा मला राग येतो. हे खरं नाही, आणि नेमाला या आधाराची गरजही नाही. शेजारचं जैन कुटुंब कंद खात नाही, कारण एका कंदात अनंत जीव आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. हे कारण सरळ आहे. त्यात आपल्या फायद्याचा हिशेब नाही. झाडानेही क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं आपल्यासाठी केलेली नाहीत. उन्हापासून आणि किडींपासून स्वतःचा जीव राखायला केली आहेत. आपण ती घेतो, तर कधी काही न घेण्याचाही नेम असावा, हे मला मानवतं. मात्र तो ज्याचा त्याने धरायचा. भाच्याने चातुर्मासात कांदा खाल्ला तर मी त्याला वेगळं ताट वाढते.

कार्तिकी एकादशीनंतर घरात कांदा येईल. तेव्हा सासूबाईंना विचारून वाढीन आणि चिरताना वरचा वाळका पापुद्रा तेवढा काढीन, कारण क्वेर्सेटिन बाहेरच्या पाकळ्यांतच जास्त असतं.