एका खडकाची दोन मुळे
कार्य कारणात आधीपासूनच असते की ते नव्याने जन्माला येते, हा भारतीय दर्शनांतला जुना तंटा. तिळात तेल असते म्हणून ते निघते, वाळूतून निघत नाही, असे सांख्य म्हणतात. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली नववी कारिका या सत्कार्यवादासाठी पाच कारणे देते. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते कार्य उत्पत्तीपूर्वी नव्हतेच. अवयवांचा विशिष्ट संयोग झाला की नवा अवयवी आरंभतो. या वादात उदाहरणे ज्याने त्याने सोयीची निवडली. म्हणून इथे कोणाच्याच सोयीसाठी न घडलेले एक उदाहरण तपासू: पोलंड आणि चेकिया यांच्या सीमेवरच्या कार्कोनोशे पर्वतातला ग्रॅनाइट.

हा खडक साधारण 31 कोटी वर्षांपूर्वीचा. ऱ्हेइक महासागर मिटून भूखंडांची टक्कर झाली, डोंगर उभे राहिले आणि टक्कर ओसरल्यावर जमिनीखाली खोलवर हा शिलारस थिजला. शिलारस एक नव्हता. प्रावरणातून आलेला लोह-मॅग्नेशियमयुक्त रस अधिक तप्त आणि पातळ होता. कवच वितळून झालेला सिलिकायुक्त रस त्याहून काही शे अंशांनी थंड आणि चिकट. याची साक्ष खडकातच आहे. फिकट ग्रॅनाइटात काळपट, बारीक कणांचे गोळे अडकलेले दिसतात. थंड खडकाचे तुकडे पडले असते तर कडा टोकदार राहिल्या असत्या. इथे त्या गोलसर आणि नागमोडी आहेत, म्हणजे दोन्ही पदार्थ तेव्हा द्रवरूप होते. जिथे मिसळण अधिक झाली, तिथे क्वार्ट्झच्या कणांभोवती हॉर्नब्लेंडचे गडद कडे आढळते. सिलिकायुक्त रसात वाढलेला कण तप्त रसात सापडला, कडेने विरघळू लागला आणि त्याच सीमेवर हॉर्नब्लेंडचे स्फटिक धरले. फेल्स्पारच्या मोठ्या स्फटिकांत तर बेरियमचे प्रमाण थरागणिक खालीवर होते. स्फटिक वाढत असताना भोवतालचा रस पालटत गेल्याची ती नोंद आहे.

आता निवाडा. मूलद्रव्यांचा हिशेब मांडला तर सांख्य बरोबर आहेत: मिश्र खडकातला एकही अणू शून्यातून आलेला नाही. पण क्वार्ट्झभोवतीचे कडे दोघांपैकी कोणत्याच रसात नव्हते. सांख्य म्हणतील, ते शक्तिरूपाने होते. मग ती शक्ती कुठे होती? तेच दोन रस वेगळ्या प्रमाणात भेटले, तर कुठे गोळे सुटे राहतात आणि कुठे एकजीव खडक होतो. तप्त रस थोडाच असेल, तर तो पुरता मिसळण्याआधीच थिजतो. परिणाम ठरतो तो प्रमाण, तापमानातला फरक आणि चिकटपणा यांवर, आणि या गोष्टी दोघांच्या भेटीतल्या आहेत. त्या एकेका रसात आधीच होत्या असे म्हणणे म्हणजे भेट घडण्याआधीच ती घडली असे मानणे होय.

भूशास्त्रातूनही एक आक्षेप येतो. नॉर्मन बोवेन यांनी 1928 च्या ग्रंथात दाखवले की एकाच रसातून स्फटिक वेगळे होत गेले, तर उरलेला रस सिलिकायुक्त होत जातो. मग दोन मुळे कशाला हवीत? असे विलगीकरण इथेही झाले असेल, पण त्याने स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर बदलत नाही. जुन्या कवचात रुबिडियमच्या ऱ्हासातून स्ट्रॉन्शियम-87 साठत जाते, म्हणून कवच आणि प्रावरण यांची गुणोत्तरे वेगळी असतात. एकाच मुळाचे खडक असते तर सर्वांत मूळ गुणोत्तर सारखेच आले असते. मिसळलेल्यांत ते रासायनिक घटकांबरोबर सरकत जाते. शेवटचा आक्षेप अद्वैताच्या वळणाचा: कवचही अखेर प्रावरणातूनच निघाले, तेव्हा मूळ एकच. हे खरे आहे, पण बेसाल्ट, ग्रॅनाइट आणि त्यांचे मिश्रण या तिघांनाही लागू पडणारे मूळ त्यांच्यातला फरक सांगू शकत नाही, आणि प्रश्न तर फरकाचाच होता.

म्हणून द्रव्यापुरते सांख्यांचे म्हणणे मान्य करावे आणि रूपापुरते नैयायिकांचे. मात्र खडकाला नाव, पोत आणि ओळख रूपामुळे मिळते, तेव्हा निकाल न्याय-वैशेषिकांच्या बाजूने जातो. वस्तूचे एकच शुद्ध मूळ सापडले की ती कळली, असे मानणाऱ्याला हा ग्रॅनाइट कधीच कळणार नाही.