केळवदच्या पुढचे घर

पोळ्यानंतरच्या रविवारी भाच्याचा फोन आला. नागपूरच्या मिहानमधल्या नोकरीला त्याचे वर्ष भरले होते, लग्न ठरत होते आणि घराचा विषय निघाला होता. "मामाजी, बेसात तर पाय ठेवाले जागा नाही. सौंसरले प्लॉट घेऊन टाकू का? अर्ध्याहून कमी भाव सांगून राहिले."

मला आनंद झाला, हे आधी कबूल करतो. मी मूळचा सौंसरचा. छोट्या लाइनच्या डब्यात बसून इतवारीला उतरलो तो शिकायला, आणि नोकरी, संसार, निवृत्ती सगळे नागपुरातच झाले. आमच्या पिढीने सोडलेल्या गावी पुढची पिढी घर बांधू म्हणते, याहून गोड बातमी कोणती? पण आनंदाच्या भरात घराचे सल्ले देऊ नयेत. "दोन दिवस थांब," म्हटले, आणि कागद घेऊन बसलो.

शहरापासून दूर जावे तसा जमिनीचा भाव उतरतो, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तरी त्यांनी ते नीट मांडले आहे. फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ मध्ये बाजारपेठेभोवतीच्या शेतीची वर्तुळे आखली. विल्यम अलोन्सोने १९६४ मध्ये तोच विचार शहरातल्या घरांना लावला. त्याचे सार एवढेच की दूरचे घर स्वस्त असते, कारण उरलेली किंमत रस्त्यावर द्यायची असते. घराचा खर्च आणि येण्याजाण्याचा खर्च ही एकाच बिलाची दोन पाने आहेत. जाहिरातीत मात्र पहिलेच पान छापतात.

दुसरे पान मी लिहून पाहिले. सौंसर ते नागपूर सत्तरेक किलोमीटर. पण मिहान शहराच्या दक्षिणेला आणि सौंसर उत्तरेला. म्हणजे सावनेर, कोराडी करत शहरात शिरायचे आणि सगळे शहर ओलांडून पलीकडे निघायचे. एका फेरीला ८५ किलोमीटर धरले तर रोजचे १७० झाले. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि महिन्याला २५ दिवस कामाचे, म्हणजे ८५ लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेआठ हजार. टायर, सर्व्हिसिंग आणि पावसाळ्यातले रेनकोट वेगळे.

आता हेच साडेआठ हजार बँकेत हप्ता म्हणून भरले तर? साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे पेट्रोलच्या पैशात जवळपास दहा लाखांचे कर्ज फिटते. बेसातले आणि सौंसरातले घर यांत दहा लाखांहून कमी फरक असेल, तर सौंसरचे घर महाग आहे. हप्ता वीस वर्षांनी संपतो, पेट्रोल संपत नाही.

वेळेचा हिशेब याहून कठोर. जायला दोन तास, यायला दोन. महिन्याचे शंभर, वर्षाचे बाराशे तास, म्हणजे दिवसरात्र मिळून पन्नास दिवस गाडीवर. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये एक निरीक्षण मांडले: माणूस पायी चालो की मोटारीने, येण्याजाण्यात दिवसाला साधारण तासभरच घालवतो. वाहन वेगवान झाले की वेळ वाचत नाही, घर लांब जाते. भाचा त्या तासाच्या चौपट मोजायला निघाला होता.

मग शेजारचे पांढुर्णा? तिथे रेल्वेची मुख्य लाइन आहे. नागपूरहून काटोल, नरखेड आणि मग पांढुर्णा, शंभरेक किलोमीटर. दीडशे किलोमीटरपर्यंत रेल्वेचा मासिक पास निघतो, आणि पेट्रोलपुढे त्याची किंमत किरकोळ. आमच्याकडे अप-डाउन करणाऱ्यांची जातच वेगळी. डब्यातली जागा ठरलेली, पत्त्यांचा डाव ठरलेला, आणि कोणाच्या घरी काय चालले आहे हे शेजाऱ्याआधी डब्याला ठाऊक. पण ही दिल्ली–चेन्नईची लाइन. लांबच्या गाड्या पुढे काढायच्या तर पॅसेंजरला थांबावे लागते. शिवाय स्टेशनवर उतरल्यावर मिहानपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा उरतेच. २०१८ मध्ये रेल्वेच्याच रुळांवर ब्रॉडगेज मेट्रो चालवण्याचा करार झाला. चार मार्ग ठरले: वर्धा, भंडारा, रामटेक आणि नरखेड. पांढुर्णा नरखेडच्या लगेच पुढे आहे, पण पहिल्या नकाशातली रेघ नरखेडलाच थांबली.

ती तिथेच का थांबली, यात आमच्या भागाची सगळी गोष्ट आली. सौंसरच्या रस्त्यावर केळवद मागे पडले की महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश लागतो. माती तीच, बोली तीच, लग्नात वाढायचे पदार्थ तेच. कागद मात्र बदलतात. इकडे सातबारा, फेरफार आणि एनए, तिकडे खसरा, नामांतरण आणि डायव्हर्शन. इकडचा तलाठी तिकडे पटवारी. नागपुरात प्लॉट घेताना 'आरएल, म्हणजे रिलीज लेटर, आहे का' हे पोरगेही विचारते. तिकडे वेगळे विचारायचे: डायव्हर्शन झाले का, कॉलनीला परवानगी आहे का, बिल्डर नोंदणीकृत आहे का? फसलात तर तक्रार भोपाळच्या रेराकडे. कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, तर सत्तर किलोमीटरवर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असूनही जबलपूर गाठायचे.

एवढ्यावर संपत नाही. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. मूल सौंसरात दहावी-बारावी झाले, तर वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्राच्या राज्य कोट्याचे दार त्याला सहसा बंद. महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र साधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळते, ती मोजणी हद्द ओलांडली की अडखळते. अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्येच सांगून ठेवले आहे की एका राज्यातला दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. मध्य प्रदेशात राहणे वाईट आहे, असे यातून निघत नाही. तिथल्या माणसाला तिथल्या सवलती आहेतच. अडचण त्याची होते, ज्याची नोकरी एका राज्यात आणि उंबरठा दुसऱ्या राज्यात. जाहिरातीतला अर्धा भाव जमिनीचा नसतो. तुमची मोजदाद कुठेच पुरी होत नाही, त्या गैरसोयीची ती सूट असते.

गंमत अशी की कोण कोणाचे उपनगर, हा प्रश्न इथे उलटाही विचारता येतो. नागपूर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने. देवगड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या जोडून हे गाव उभे केले, आणि त्याच्या मुलाने, चांद सुलतानने, राजधानीच इकडे आणली. म्हणजे नागपूर हीच मुळात देवगडकरांची नवी वसाहत! पुढे १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होते, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला कचेरी, कॉलेज, दवाखाना सगळे एकाच दिशेला होते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. पाय मात्र जुन्या वाटेनेच चालत राहिले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी मोठे दुखणे आले की गाडी नागपूरकडेच वळते.

नागपूरही या भागाला विसरलेले नाही, फक्त माणसांपुरते विसरते. शहर पाणी पिते पेंच आणि कन्हानचे. दोन्ही नद्या छिंदवाड्याकडून येतात. पांढुर्ण्याच्या बागेतले संत्रे बाजारात नागपुरी म्हणून विकले जाते. पाण्याला आणि संत्र्याला हद्द नाही. ती आहे बसच्या तिकिटाला, मेट्रोच्या नकाशाला आणि पोराच्या दाखल्याला.

हे असेच असायला हवे, असे नाही. जिनिव्हात काम करणारे हजारो लोक फ्रान्समध्ये राहतात, कारण तिकडे घर परवडते. त्यांच्या पगारावरचा कर जिनिव्हा घेते, आणि १९७३ च्या करारानुसार त्यातला वाटा सीमेपलीकडच्या फ्रेंच भागाला देते. २०१९ च्या डिसेंबरात दोन्ही देशांना जोडणारी लोकल सुरू झाली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने दिल्लीभोवती हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थानचे भाग एका नियोजन मंडळाखाली आले. त्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण निदान नकाशा एक झाला. नागपूरचा महानगर प्रदेश मात्र हद्दीशी येऊन थांबतो. दोन देशांना जे जमले, ते दोन राज्यांना अवघड का जावे?

तोवर ज्याचा त्याने हिशेब करावा. ज्याची नोकरी बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे, त्याला सौंसर हे उपनगर नव्हेच, ते त्याचे शहर आहे. आठवड्यातून एकदाच ऑफिसला जाणाऱ्याचे पेट्रोल साधारण सहाव्या हिश्श्यावर येते, आणि सगळे गणित फिरते. म्हणून घर निवडताना किलोमीटर मोजू नयेत, कामे मोजावीत. दूध, शाळा, दवाखाना, कचेरी, बायकोची नोकरी, म्हातारी माणसे: यातली किती कामे हद्दीच्या कोणत्या बाजूला पडतात?

भाचा आला तेव्हा हा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाचला, दहा लाखांच्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसला, आणि म्हणाला, "म्हंजे मिहानजवळ खापरीकडेच भाड्यानं पाहू." मग चहा पिता पिता सहज विचारले, "पण मामाजी, तुम्हाले तर अप-डाउन नाही. तुम्ही काहून नाही जात?"

तो गेल्यावर मी कोरा कागद घेतला. पेट्रोलपुढे शून्य लिहिले. दाखले, कोटा, अर्धे तिकीट, सगळ्यांपुढे शून्य. एकच ओळ उरली: रात्री दोन वाजता छातीत दुखले, तर सत्तर किलोमीटर. तिच्यापुढे काय लिहावे ते अजून ठरलेले नाही. बाकी सगळी बेरीज सौंसरच्या बाजूने आहे.