नामकरणाचा अधिकार

नगर जिंकल्यावर त्याचे नाव पालटणे हा विजयाचाच एक विधी आहे, अशी समजूत आपल्याकडील सर्व अमदानींत दृढ होती. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली, तेव्हा शाही दफ्तरात तिचे नाव मुहम्मदाबाद असे चढले; 1657 मध्ये औरंगजेबाने किल्ला सर केल्यावर तेच शहर जफराबाद झाले; आणि मागे राहिलेले गुलबर्गाही बहमनी नाण्यांवर अहसनाबाद म्हणून मिरवून गेले. यांपैकी एकही नाव आज कोणाच्या तोंडी नाही. उलट, ज्यांसाठी कधी फर्मान निघाले असेल असे वाटत नाही, ती मणियार तालीम, नूरखान तालीम ही बीदरच्या मोहल्ल्यांची नावे पत्त्यांवर अजून नांदत आहेत. गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाल्याचा सरकारी हुकूम 1 नोव्हेंबर 2014 पासून अंमलात आला, तो निमूटपणे रुळला याचेही कारण हेच, की कानडी माणूस त्या हुकमाची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या कलबुर्गीच म्हणत होता. मराठी माणूस अद्याप गुलबर्गाच म्हणतो, आणि त्यावरून कोणाचे काही अडल्याचे ऐकिवात नाही.

परंतु राजाची गोष्ट निराळी आणि संताची निराळी. चालुक्यांची राजधानी असलेले कल्याण, जेथे बाराव्या शतकात बिज्जलाच्या दरबारी बसवण्णांनी मंत्रिपद भूषविले आणि अनुभवमंटपात सर्व जातींच्या शरणांना एकत्र बसविले, ते नगर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर बसवकल्याण झाले. येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. बसवण्णांच्या विचारात स्थावर आणि जंगम हा भेद पायाभूत आहे. दगडी देवालयाची महती त्यांनी मानली नाही, चालत्याबोलत्या भक्ताची मानली. मग वेशी, कचेरी आणि मोटारींचा तळ असलेल्या एका स्थावर वस्तूला त्यांचे नाव देणे हा त्यांचा गौरव म्हणावा, की त्यांच्याच सिद्धान्ताचे विस्मरण?

याचे एक उत्तर वचनकारांच्या रीतीतच सापडण्यासारखे आहे. आपले वारकरी संत अभंगाच्या शेवटी स्वतःची नाममुद्रा घालतात. बसवण्णांच्या वचनाखाली मात्र बसवण्णांचे नाव नसते, कूडलसंगमदेवाचे असते. अल्लमप्रभूंच्या वचनाखाली गुहेश्वराचे, अक्कमहादेवीच्या वचनाखाली चन्नमल्लिकार्जुनाचे. स्वतःचे नाव मागे ठेवून आराध्याचे नाव लावण्याची ही निगर्वी परंपरा पाहिली म्हणजे कल्याणने आपल्या नावाआधी बसवांचे नाव घेतले, यात विसंगती दिसेनाशी होते. हा युक्तिवाद मला पटतो, पण निम्माच पटतो. कारण वचनात ती मुद्रा अखेरीस येते, जे सांगायचे ते सांगून झाल्यानंतर, आणि आपल्या नगरांवर व विद्यालयांवर ती प्रारंभीच, पाटी रंगविण्याच्या दिवशी येते. मजकूर लिहिण्यापूर्वीच आपण सही करून मोकळे होतो.

या दृष्टीने भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू मला फार मोठे वाटतात. निजामी अमलात, उर्दू हीच शिक्षणाची राजमान्य भाषा असताना, त्यांनी दारावर उर्दूची पाटी लावली आणि आत मुलांना कन्नड शिकविले. त्या शाळेच्या नावात तिच्या कार्याचा मागमूसही नव्हता, किंबहुना तिचे कार्य चालू राहावे म्हणूनच तो ठेवलेला नव्हता. आणि तरीही बसवण्णांचे नाव लावणाऱ्या कित्येक संस्थांहून ती बसवण्णांच्या अधिक निकट होती, असे म्हणण्यास मी कचरणार नाही.

बहमनी वजीर महमूद गावानाचेही असेच आहे. त्याने 1472 मध्ये बीदरला मदरसा उभारला. 1481 मध्ये सुलतानाने, बनावट पत्राचे निमित्त होऊन, त्याचा शिरच्छेद करविला. 1696 मध्ये दारूच्या स्फोटाने इमारतीचा एक भागही उडाला. आज शिल्लक असलेल्या एकुलत्या मिनारावर रंगीत फरशांची नागमोडी नक्षी तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. ज्या सुलतानाच्या आज्ञेने मान तुटली, त्याचे नाव सांगण्यास इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते; गावानाचे नाव चौकातला टांगेवालाही सांगत आला.

आणि बीदरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या अष्टूरला तर नामाचा अभिमानच गळून पडलेला दिसतो. तेथे त्याच अहमदशहाची कबर आहे. मुसलमान त्यास वली म्हणतात, लिंगायत भाविक त्यालाच अल्लमप्रभू मानून नमस्कार करतात. उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतर भरतो आणि त्यात मान असतो तो जंगमाचा. यांतले खरे नाव कोणते, याचा निवाडा तेथे कोणी मागत नाही.

सीमाभागात शाळेचे किंवा रस्त्याचे नाव पालटण्याचे ठराव यापुढेही होतील, आणि मराठी-कानडीचा वाद त्यांत आपला हिस्सा मागेलच. नामकरणास माझी हरकत नाही. मात्र ठराव मांडण्यापूर्वी संस्थेच्या कार्यकारी मंडळाने एवढी चौकशी अवश्य करावी, की ज्या पुरुषाचे नाव पाटीवर चढणार, त्याचे एखादे वचन, एखादा अभंग त्या शाळेच्या वर्गांत आजवर कधी शिकविला गेला आहे काय. गेला नसेल, तर ठराव एक वर्ष तहकूब ठेवावा.